आधी दार, मग रूळ
उचलून नेता येणाऱ्या छोट्या रेल्वेची आखणी

कोथरूडमध्ये कर्वे रस्त्यावरून जी. ए. कुलकर्णी पथाला वळलं, की सौदामिनी इन्स्ट्रुमेंट्सच्या वास्तूत एक अख्खं शहर नांदतं. त्यात हमरस्ता आहे, सर्कस आहे, पोहण्याचा तलाव आहे, रोपवे आहे आणि या सगळ्याला वळसे घालत धावणाऱ्या रेल्वेगाड्या आहेत. खेळ सुरू झाला की निवेदक एकेका गाडीची ओळख करून देतो. मग दिवे मंदावतात, शहरात रात्र होते, खिडक्या उजळतात आणि समोर बसलेल्या पोरांचा आवाज बंद होतो. जोशींचं मिनिएचर रेल्वे संग्रहालय १ एप्रिल १९९८ रोजी लोकांसाठी खुलं झालं. तेव्हा जी मुलं बघायला आली होती, ती आता आपल्या मुलांना घेऊन येतात.

बाहेर पडताना पोरगं हमखास विचारतं, "बाबा, आपण घरी करू या?" आणि बाबा ठरलेलं उत्तर देतात, "जागा कुठे आहे?"

या उत्तराची उलटतपासणी करायला हे संग्रहालय उभारणाऱ्या खुद्द भाऊ जोशींचीच गोष्ट उपयोगी पडते. कारण त्यांची पहिली मोठी रेल्वे एका जागी बसलेली नव्हती. ऐंशीच्या दशकात त्यांनी सुटी करून दुसरीकडे नेता येईल अशी छोटी नगरी उभारली आणि तिची प्रदर्शनं भरवली. लोकांनी गर्दी केली, पण एवढा पसारा गाडीत भरायचा, दुसऱ्या ठिकाणी पुन्हा जोडायचा, तारा तपासायच्या, खेळ करायचे आणि परत सगळं सोडवायचं, हे काम दर वेळी जिवावर येण्यासारखं. अखेर त्यांनी कायमची जागा केली आणि आजचं संग्रहालय उभं राहिलं.

यातून लोक चटकन एक निष्कर्ष काढतात: फिरती रेल्वे नको, कायमची जागा हवी. मला मात्र वाटतं, अडचण फिरतेपणात नव्हती, आकारात होती. भाऊंना शहर हवं होतं आणि शहराला जागा लागतेच. ज्याच्याकडे एक भिंत आणि एक माळा आहे, त्याने शहराचा हट्ट सोडला तर फिरती रेल्वे हीच त्याची सोय. फक्त तिची आखणी रुळांपासून सुरू करायची नाही. दारापासून सुरू करायची.

दोन बेडरूम, एक भिंत

या छंदाची पुस्तकं बहुतेक अमेरिकेतली आणि इंग्लंडमधली. त्यांतला नवशिक्याचा पहिला नकाशा ठरलेला असतो: आठ फूट बाय चार फूट, म्हणजे प्लायवूडचं आख्खं शीट, त्यावर लंबगोल रूळ. तिकडे हे शीट गॅरेजमध्ये किंवा तळघरात पडून राहतं. पुण्यातल्या दहा बाय अकराच्या बेडरूममध्ये ते ठेवलं तर पलंग बाहेर काढावा लागेल. शिवाय माणसाचा हात टेबलावर अडीच फुटांपलीकडे नीट पोचत नाही, त्यामुळे चार फुटी टेबलाला दोन्ही बाजूंनी फिरायला वाट लागते. शीटचे बत्तीस चौरस फूट आणि भोवतीची वाट मिळून खोली संपली.

त्याऐवजी भिंतीलगत दीड फूट रुंदीची फळी कल्पा. आठ फूट लांब धरली तरी बारा चौरस फूट. खाली पुस्तकांचं कपाट राहू शकतं आणि हात शेवटच्या झाडापर्यंत पोचतो. हीच फळी चार-चार फुटांच्या तुकड्यांत केली की ती उचलता येते.

चार फूट हा आकडा आला कुठून? मोजपट्टी घेऊन घरभर फिरलात की आपोआप येतो. बेडरूमचं दार अडीच-तीन फूट. जिन्याच्या वळणावरची मोकळी जागा, लिफ्टची खोली, माळ्याचं तोंड, आपल्या गाडीची डिकी किंवा रिक्षाची मागची सीट. यांतलं सगळ्यात चिंचोळं माप जे निघेल, ते तुमच्या रेल्वेचं खरं माप. सदाशिव पेठेतल्या जुन्या वाड्यात राहणाऱ्याला जिना नडेल, बाणेरच्या विसाव्या मजल्यावरच्याला लिफ्ट. रिक्षाने न्यायचं असेल तर चारऐवजी साडेतीन फुटांवर यावं लागेल. उंचीही विसरू नये: डोंगर, पूल, सिग्नल धरून एक तुकडा फूटभर उंच होतो.

आपल्याकडे हे शास्त्र जाणणारी माणसं पिढ्यान्‌पिढ्या आहेत. नाटकाचा नेपथ्यकार दिवाणखाना आखतो तेव्हा तो टेम्पोत कसा बसेल आणि दुपारचा प्रयोग संपल्यावर रात्रीच्या नाट्यगृहात किती वेळात उभा राहील, हे आधी ठरवतो. प्रेक्षकाला अखंड भिंत दिसते, कामगाराला तिची बिजागरी माहीत असते. फिरत्या रेल्वेची आखणी ही त्या कामगाराच्या नजरेने करायची.

गाडी किती लांब?

आता प्रमाण. जगात सगळ्यात जास्त चालतं ते एचओ, म्हणजे खऱ्याचा सत्त्याऐंशीवा भाग. त्याच्या रुळांमधलं अंतर साडेसोळा मिलिमीटर. दुसरं एन प्रमाण, एकास एकशे साठ, रुळांमधलं अंतर नऊ मिलिमीटर. दोन्ही मापं १,४३५ मिलिमीटरच्या विलायती गेजवरून ठरलेली. आपला ब्रॉडगेज १,६७६ मिलिमीटरचा. एचओच्या हिशेबाने तो सव्वाएकोणीस मिलिमीटर व्हायला हवा. त्यामुळे बाजारच्या रुळांवर ठेवलेला भारतीय डबा किंचित अरुंद पायावर उभा असल्यासारखा दिसतो. काही कट्टर मंडळी रूळ स्वतः घडवतात. बाकीचे पावणेतीन मिलिमीटरवर पाणी सोडून गाडी चालवायला घेतात.

जागेचा खरा प्रश्न लांबीचा आहे. आपला नेहमीचा निळा आयसीएफ डबा सव्वाएकवीस मीटरहून थोडा जास्त लांब. एचओमध्ये तो २४५ मिलिमीटर होतो. चार डबे आणि एक डब्ल्यूडीएम-२ डिझेल इंजिन जोडलं की सुमारे ११८ सेंटिमीटर, म्हणजे एका गाडीने चार फुटी तुकडा संपवला. पुणेकराला अर्थातच डेक्कन क्वीन हवी असते. १ जून १९३० पासून धावणारी ही गाडी घरात आणायची आणि सतरा डबे धरायचे, तर इंजिनासकट चौदा फुटांहून जास्त जागा नुसती उभी राहायलाच लागेल. दिवाणखाना तिथेच संपला, कल्याण अजून लांब.

तीच चार डब्यांची गाडी एनमध्ये ६४ सेंटिमीटर होते. म्हणजे प्रमाण निवडण्याआधी गाडी निवडावी लागते, आणि गाडी निवडण्याआधी जागा. या छंदात नवा माणूस नेमका उलट्या क्रमाने जातो. आधी दुकानात दिसलेलं देखणं इंजिन घेतो, मग त्याला साजेसे डबे, आणि घरी आल्यावर मोजपट्टी शोधतो.

वळणाशिवाय घाट

जागा खाणारा दुसरा राक्षस म्हणजे वळण. एचओमध्ये नेहमीच्या संचातलं वळण साधारण पंधरा ते अठरा इंच त्रिज्येचं असतं. गाडी पूर्ण फिरवायची तर तीन ते साडेतीन फूट रुंदी लागतेच. दीड फुटी फळीवर ते शक्य नाही. मग गाडी नुसती पुढे-मागेच करायची?

हा प्रश्न बोरघाटात खऱ्या रेल्वेपुढेही उभा राहिला होता. मुंबई-ठाणे गाडी १८५३ साली धावली, पुणे-खंडाळा मार्ग १८५८ साली सुरू झाला, पण मधला घाट जोडायला १८६३ उजाडलं. जेम्स बर्कले या मुख्य अभियंत्याच्या आखणीत सुमारे पंचवीस किलोमीटरांत ५५८ मीटर चढायचं होतं. पंचवीस बोगदे, काही ठिकाणी सदतिसास एक असा चढ. डोंगराच्या कुशीत गाडी वळवायला जागा नव्हती, म्हणून खंडाळ्याच्या खाली रिव्हर्सिंग स्टेशन केलं. गाडी एका फाट्याने वर येऊन स्टेशनात थांबायची, इंजिन सुटून दुसऱ्या टोकाला लागायचं आणि गाडी ज्या दिशेने आली त्याच दिशेला तोंड करून दुसऱ्या फाट्याने आणखी वर निघायची. १९२९ साली विद्युतीकरणाच्या वेळी नवा मार्ग झाला आणि हे स्टेशन बंद पडलं.

चिंचोळ्या फळीवर रेल्वे मांडणाऱ्याला याहून चांगला नकाशा मिळणार नाही. हिशेब करून बघा. उजवीकडच्या तुकड्यावर सपाट स्टेशन, त्याच्या डाव्या टोकाला दोन फाटे: एक सदतिसास एकने खाली जाणारा, दुसरा तेवढाच वर चढणारा. एका चार फुटी तुकड्यात प्रत्येक फाटा ३३ मिलिमीटर सरकतो, म्हणजे दोघांत ६६ मिलिमीटरचं अंतर पडतं. एन प्रमाणात एक गाडी दुसरीच्या डोक्यावरून जायला ते पुरून उरतं. म्हणजे वरचा फाटा खालच्यावर चढवा, मध्ये एक बोगदा, एक कमानीचा पूल, आणि आठ बाय दीड फुटांत, एकही पूर्ण वळण न घेता बोरघाट तयार. चढ खरा आहे, त्यामुळे छोटं इंजिन दमतं. खऱ्या घाटात कर्जतला मागून बँकर, म्हणजे ढकलणारं जादा इंजिन, लावतात, इथेही लावावा. तो लावणं, काढणं, इंजिन फिरवून घेणं यातच खेळ आहे. गोल-गोल फिरणारी गाडी दहा मिनिटांत कंटाळा आणते, ही आणत नाही.

घाट नको असेल तर मालधक्का घ्या. इंग्लंडमध्ये अ‍ॅलन राइट यांनी 'इंगलनुक' नावाचा तीन सायडिंगांचा नकाशा लोकप्रिय केला. एका सायडिंगवर पाच वाघिणी मावतात, उरलेल्या दोन्हींवर तीन-तीन, आणि पुढच्या मोकळ्या रुळावर इंजिन अधिक तीन. आठ वाघिणींतून चिठ्ठ्या टाकून पाच निवडायच्या आणि चिठ्ठीच्याच क्रमाने गाडी लावायची. क्रम होतात ६,७२०. एवढ्याशा फळीवर रोज संध्याकाळी एक डाव टाकला तरी अठरा वर्षं पुरेल.

आणि ज्याला थेट सोलापूर जिल्ह्यात जायचं आहे, त्याच्यासाठी कुर्डुवाडी आहे. एव्हरार्ड कॅल्थ्रॉपची बार्शी लाइट रेल्वे १८९७ साली इथून बार्शीला निघाली. पुढे ती पंढरपूर, लातूर आणि मिरजेपर्यंत पोचली. तिचा गेज ७६२ मिलिमीटर. त्याला सत्त्याऐंशीने भागलं तर येतात पावणेनऊ मिलिमीटर, म्हणजे एनचे नऊ मिलिमीटरचे रूळ त्यावर जवळजवळ चपखल बसतात. एकाच फळीवर मागे एचओचा ब्रॉडगेज, पुढे नऊ मिलिमीटरची छोटी लाइन आणि मध्ये कापसाच्या गाठी इकडून तिकडे टाकणारे हमाल. छोट्या गाडीचे डबे आखूड असले की वळणंही तंग चालतात. आषाढी-कार्तिकीला टपापर्यंत भरलेली पंढरपूरची गाडी ही तर हौशी हातांना मोठी मेजवानी.

टिंबर मार्केट ते बोहरी आळी

नकाशा झाला की भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटची वाट धरायची. नऊ मिलिमीटरचं आठ बाय चारचं एक शीट पुरतं. त्यातून चार बाय दीडचे तीन माथे निघतात. उरलेल्या तुकड्यातून साडेतीन इंची अकरा पट्ट्या. सहा पट्ट्या लांब बाजूंना, बाकीच्या पाच अर्ध्या करून टोकांना आणि मधल्या आडव्यांना. एका शीटमध्ये तीन चौकटी, आणि वजन प्रत्येकी साडेपाच किलोच्या आसपास. बाराचं प्लाय घेतलं तर ते सात किलोंच्या वर जातं आणि वर डोंगर चढल्यावर एकट्याला उचलवत नाही.

सुताराला हे समजावणं हा स्वतंत्र कार्यक्रम असतो.

"साहेब, टेबल करायचंय का पेटी?"

"दोन्ही नाही हो मिस्त्री. रेल्वे करायचीय."

तो चौकटीकडे बघतो, गुण्या लावतो आणि म्हणतो, "मग बाकी काही वाकडं चालेल, ही टोकाची फळी काटकोनात पाहिजे. नाहीतर तुमची गाडी पुढच्या चौकटीत जायच्याऐवजी भिंतीत जाईल."

त्याने लाखातली गोष्ट सांगितली. तुकड्यांच्या रेल्वेत सगळं कौशल्य टोकाच्या फळीत आहे. दोन तुकड्यांच्या समोरासमोरच्या फळ्या शिकंज्यात एकत्र आवळून दोन्हींना एकाच वेळी भोकं पाडायची. वेगवेगळी पाडली की अर्ध्या मिलिमीटरचा फरक येतो आणि एनच्या चाकाला अर्धा मिलिमीटर म्हणजे दरड. ओढून धरायला आठ मिलिमीटरचे दोन बोल्ट आणि विंग नट पुरतात, पण बोल्ट नेमकेपणा देत नाही. त्यासाठी बोहरी आळीतून पिन निघणाऱ्या दोन पितळी बिजागऱ्या आणाव्यात. बिजागरीचं एक पान या तुकड्याला, दुसरं त्या तुकड्याला. पिन सरकवली की तुकडे दर वेळी त्याच जागी येतात, आणि पितळ असल्याने त्याच बिजागरीतून वीजही नेता येते.

रूळ जोडावरून कसे न्यायचे, हे जरा जवळून बघू. तुकडे आधी बोल्टने पक्के आवळायचे आणि रूळ जोडावरून सलग टाकायचा, जणू जोड नाहीच. जोडाच्या दोन्ही कडांना, फळीच्या अगदी धारेपाशी, तांब्याचा पत्रा चढवलेल्या सर्किट बोर्डाची बोटभर पट्टी स्क्रूने बसवायची. दोन रुळांच्या मधोमध तांबं खरवडून चीर पाडायची, नाहीतर दोन्ही रूळ शॉर्ट होतील. मग रुळाचा पाय या पट्टीला डाग द्यायचा. डाग थंड झाला की बारीक पात्याने रूळ जोडाच्या रेषेवर कापायचा. आता रुळाचं टोक फळीला बांधलेलं आहे, तुकडा कितीदाही काढा-घाला, ते हलत नाही. पाणी वाहावं तशी गाडी पलीकडे जाते.

तपकीर गल्ली आणि पावसाळा

विजेचं सामान तपकीर गल्लीत. बारा व्होल्टचं काम आहे, जिवाला धोका नाही, पण शिस्त हवी. प्रत्येक तुकडा स्वतंत्र घर समजायचा: त्याची टर्मिनल पट्टी त्याच्यात, प्रत्येक रुळाला खालून तार, आणि तुकड्या-तुकड्यांमध्ये पंचवीस पिनांचा एकच कनेक्टर, जुन्या प्रिंटरला असायचा तसा. तारांचे रंग पहिल्या दिवशी ठरवायचे आणि फळीच्या पोटात लिहून ठेवायचे. सहा महिन्यांनी लाल तार कशाची होती, हे देवालाही आठवत नाही.

पुण्याची हवाही नकाशात धरावी लागते. एप्रिलमध्ये ओठ फुटतात आणि ऑगस्टमध्ये मीठ ओलं होतं. चार फुटी रूळ वीस अंशांच्या फरकाने जेमतेम ०.४ मिलिमीटर लांबतो. लाकूड मात्र पाणी पिऊन वाकतं. म्हणून प्लायच्या सहाही बाजूंना, कापलेल्या कडांनाही, सीलरचे दोन हात द्यावेत आणि रुळांत मधे मधे कागदाएवढी फट ठेवावी. माळ्यावर ठेवताना दोन तुकडे तोंडाला तोंड लावून, दोन्ही टोकांना उंच फळ्या ठोकून पेटी करावी. धूळ बसत नाही, झाडं मोडत नाहीत.

देखाव्याचं काम पुणेकराला शिकवायला नको. दिवाळीत किल्ला केलेल्या हाताला डोंगराचा उतार, पोत्याचा पोत, मातीचा रंग माहीत असतो. फक्त इथे चिखल नको, वजन वाढतं. थर्माकोलचे थर कापून त्यावर पातळ फेविकॉलमध्ये बुडवलेला कागद बसवावा आणि वर चाळलेली माती भुरभुरावी. त्याआधी मातीतून एकदा लोहचुंबक फिरवायचाच. आपली माती बेसाल्टची, तिच्यात लोहाचे काळे कण असतात आणि ते थेट इंजिनाच्या मोटरला जाऊन चिकटतात. चुंबकाला किती काळं लागलं ते बघितलं, की सह्याद्री ज्वालामुखीतून झाल्याचा धडा पुन्हा वाचावा लागत नाही.

दुसऱ्याच्या रुळाला रूळ

आपल्या सोयीसाठी तुकडे करणं ही पहिली पायरी. तुकडा दुसऱ्याच्या तुकड्याला जुळणं ही दुसरी. १९५७ साली सिरिल फ्रीझर या इंग्रज संपादकाने 'मायनॉरीज' नावाचं शहरी स्टेशन आखलं, ते मधोमध घडी घालून ठेवता येणारं. ती एकट्याची सोय होती. सत्तरच्या दशकात कॅलिफोर्नियात एनट्रॅक मंडळींनी ठरवलं, की चार फुटी तुकड्याच्या टोकाला तीन रूळ ठरावीक अंतरावर असले म्हणजे झालं, मधे कुणी काहीही करावं. युरोपात १९८१ साली फ्रेमो ही संघटना निघाली. तिच्या मेळाव्यांत वेगवेगळ्या गावांहून लोक आपापले तुकडे घेऊन येतात आणि मोठ्या दालनात एक लांबलचक मार्ग जोडून वेळापत्रकाप्रमाणे गाड्या चालवतात. आणि जपानी पद्धतीच्या तयार रुळांवर बेतलेल्या टी-ट्रॅकने तर तुकडा ३०८ मिलिमीटरवर आणला. तो शबनममध्ये मावतो आणि साध्या टेबलावर जोडला जातो.

या सगळ्यांत एकच अक्कल आहे. तुमचा डोंगर, तुमचं स्टेशन, तुमचं गाव यात कुणी ढवळाढवळ करत नाही. नियम फक्त टोकाच्या फळीला: रूळ कडेपासून किती आत, जमिनीपासून किती उंच, भोकं कुठे, कनेक्टर कोणता. भाऊ जोशींना अख्खं शहर स्वतः वाहून न्यावं लागलं, म्हणून ते जड झालं. तेच दहा घरांत वाटलं असतं तर एकेकाच्या वाट्याला थोडंच ओझं आलं असतं. पुण्यात जागा कमी आहे, हे खरं. पण सोसायट्यांच्या क्लबहाउसमध्ये रविवारी सकाळी मोकळी टेबलं असतात, आणि एका बिल्डिंगमधला खंडाळा दुसऱ्या बिल्डिंगमधल्या कर्जतला जोडायला कुणाची परवानगी लागत नाही.

तेव्हा या दिवाळीत किल्ल्याचं सामान काढलंच आहे, तर एक तुकडा करून बघावा. चार बाय दीड, रूळ बदलायचे दोन पॉइंट, एक धक्का, एक इंजिन, चार वाघिणी. अख्खा नकाशा नंतर सुचेल. फक्त एक पथ्य पाळा: शेजारी लागणारा दुसरा तुकडा अजून कुणी केलेला नसला, तरी दोन्ही टोकांच्या फळ्यांना भोकं पहिल्याच दिवशी ठरल्या मापाने पाडून ठेवा, आणि ते माप कागदावर उतरवून शेजाऱ्याला द्या.